कुंकू लावलेलं कार्ड

कार्ड मोडकं निघालं त्या दिवशी गजेंद्रनं पहिली लाथ खुर्चीला मारली, दुसरी कुत्र्याला. कुत्रं केकाटत गल्लीत पळालं ते संध्याकाळपर्यंत घराकडे फिरकलं नाही.

गजेंद्र माझा मुलगा. लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ आहे. दोन कॅमेरे, एक ड्रोन, लाइटांचे स्टँड, आणि काचेच्या बाजूचा मोठा कॉम्प्युटर, ज्याच्या पोटात निळे-जांभळे दिवे लागतात. त्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड जळालं होतं. पडद्यावर नवरदेव घोड्यावर बसला की पडदा काळा व्हायचा. देऊळगाव राजाच्या एका घरच्या लग्नाची फिल्म त्यात अर्धी अडकली होती आणि ते लोक रोज फोन करून त्याला वाट्टेल ते बोलत होते. दिवाळीनंतर लग्नसराई. म्हणून त्यानं मोबाइलवरून नवीन कार्ड मागवलं.

कार्ड म्हटल्यावर मला पत्रिकेसारखं काही वाटलं होतं. आलं ते विटेएवढं जड, तीन पंखे असलेलं. खोक्याचा एक कोपरा चेपलेला. एका पंख्याचं पातं तुटून आत कुठंतरी पडलेलं, हलवलं की वाजायचं. मागची पत्र्याची पट्टीही वाकलेली.

"खुळखुळा धाडला मले," गजेंद्र म्हणाला आणि मग ती खुर्ची आणि ते कुत्रं झालं.

माझी सून राखी अशा वेळी बोलत नाही, कामाला लागते. तिनं फोटो काढले, मोबाइलवर परतीची नोंद केली. उत्तर आलं की माणूस घरी येऊन कार्ड घेऊन जाईल, हे परत मिळालं की दुसरं पाठवू, तोवर वस्तू जशी आली तशी ठेवा.

"जशी आली तशी," राखीनं वाचून दाखवलं. गजेंद्रनं ऐकलं, मी ऐकलं. माझी बायको सुभद्रा तेव्हा देवीच्या आरतीला गेली होती.

मग नवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात. विळे, कोयता, कुऱ्हाड, टिकास, वखराची पास, फवारणीचा पंप. त्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल, पुढे दिवा. दसऱ्यापर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. वर्षभर राबतात, एवढा एक दिवस त्यांचा. गजेंद्रचा धंदा सुरू झाल्यापासून सुभद्रा पाट स्टुडिओच्या दारातच ठेवते आणि त्यावर कॅमेरेही मांडते.

त्या सकाळी तिनं कार्डाचं खोकं उघडलं आणि कार्ड कुऱ्हाडीशेजारी ठेवलं.

"आई, ते परत जाणार हाये," राखी म्हणाली. "कंपनीनं सांगतलं, हात लावू नोका."

"हात कुठं लावून राह्यली? कुकू लावून राह्यली. अन परत जाऊन राह्यलं म्हणून तर लावावं. लेक सासरी जाते तवा तिले बिनकुकवाची धाडते काय कोणी?"

"मोडकं हाये ते, आई."

"मोडकं तर मोडकं. वखराची पासबी मोडकीच हाये, तिची पूजा केली का नाही?"

राखी हसली. मीही हसलो. सुभद्रानं तिन्ही पंख्यांवर बोट टेकवलं. कोरडं कुंकू चिकटून राहत नाही म्हणून ते तेलात कालवलेलं होतं. मला त्यात वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. घरातून जाणाऱ्याला आमच्याकडे तसंच पाठवतात.

दुपारी गजेंद्र देवीच्या मंडळाचं शूटिंग करून घरी आला. रात्रभर झोप नव्हती, डोळे तांबडे होते. दारू तो पीत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर गावात लोक तसं म्हणाले. तो स्टुडिओत जाऊन आडवा झाला. मी अंगणात वाळत घातलेलं सोयाबीन पायानं उलथवत होतो. हत्यार धरायचं नव्हतं म्हणून पायानं.

तेवढ्यात मोटरसायकल आली. पाठीवर पोत्याएवढी मोठी बॅग अडकवलेला, पंचविशीचा, बारीक अंगाचा माणूस उतरला. गाडीला झेंडूची माळ होती.

"राम राम काका. गजेंद्रभाऊचंच घर ना हे? रिटर्न हाये एक."

त्याचं नाव शिवम. खामगावच्या गोडाऊनमधून माल उचलून आमच्या भागातल्या गावांमध्ये वाटायचा आणि परतीचा माल गोळा करायचा. राखीनं पाणी दिलं. सुभद्रानं कार्ड पाटावरून उचलून खोक्यात घातलं आणि आणून त्याच्या हातात दिलं. गजेंद्रही उठून बाहेर आला.

शिवमनं खोकं उघडलं, आत पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"हे कोणं केलं?"

"मी," सुभद्रा म्हणाली. "नवमी हाये ना, बाप्पा."

शिवम हसला. "माह्या मायनं सकाळी गाडीले इतकं कुकू फासलं, का पंपावरचा माणूस म्हणे, कोणाले ठोकून आला बे?" आम्ही सगळे हसलो. गजेंद्र हसला नाही. "पण काकू, मोबाइल हे मानत नाही. चारी बाजूनं फोटो टाका लागते. असं दिसलं तर थे म्हणते, वापरलेला माल."

"म्हणू दे," गजेंद्र म्हणाला. "तू उचल अन जाय."

"भाऊ, मी उचललं अन गोडाऊनवाल्यानं वापस फेकलं तर थे माह्या अंगावर येते. थांबा, पुसून पाहू. गेलं तर तुमचंबी काम, माहंबी काम."

त्याला हे करायची गरज नव्हती. सरळ नाही म्हणून गाडीला किक मारून जाता आलं असतं. तो ओट्यावर बसला, कार्ड मांडीवर घेतलं, रुमालानं पुसायला लागला. तेलाचं कुंकू पसरलं. राखीनं जुना दात घासायचा ब्रश आणून दिला. तो हळूहळू एकेक पातं घासू लागला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. एक पंखा बऱ्यापैकी स्वच्छ झाला. दुसऱ्याचं कुंकू मधल्या खोबणीत गेलं होतं. त्यानं जरा जोर लावला.

कट् असा आवाज झाला. दुसऱ्या पंख्याचं पातं तुटून ओट्यावर पडलं.

"सॉरी भाऊ," शिवम म्हणाला.

"तू मोडलं."

"एक तर आधीचंच–"

"तू मोडलं बे!"

शिवम उभा राहिला. लाल झालेली बोटं पँटला पुसली. तो घाबरला होता, पण बोलला नीट. "भाऊ, मी खोटं बोलत नाही. हे आता असं जात नाही. मी रिजेक्ट टाकतो. तुम्ही कंपनीले फोन लावा, सांगा तुमच्या माणसानं मोडलं. माहं नाव सांगा, शिवम. थे मले झापतीन, पण तुमचं काम होईन."

याहून सरळ रस्ता दुसरा नव्हता. पण गजेंद्रच्या कानात एकच शब्द शिरला, रिजेक्ट.

"मोबाइल दे इकडे."

"मोबाइल नाही देत भाऊ. मोबाइल गेला का माही रोजी गेली."

पहिली थप्पड इतकी जोरात बसली की शिवमचं डोकं खांबावर आपटलं. त्यानं मोबाइल सोडला नाही. दोन्ही हातांनी तो छातीशी धरला आणि अंग वाकवून घेतलं. गजेंद्रनं त्याच्या बोटांवर बुक्क्या मारल्या, मग कानफटात, मग पाठीवरच्या बॅगेचा पट्टा धरून त्याला ओट्यावरून खाली ओढलं. शिवम सोयाबीनमध्ये पडला. गजेंद्र त्याच्या बरगड्यांत लाथा घालू लागला. पायात शूटिंगचे जाड बूट होते. प्रत्येक लाथेला शिवमच्या तोंडातून हवा निघायची, शब्द निघत नव्हता.

"गज्या! सोड त्याले!" मी ओरडलो आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं कोपर मागे हाणलं. माझा वरचा ओठ फाटला आणि तोंड रक्तानं भरलं. मी बसकण मारली.

"मले खुळखुळा देते?" तो ओरडत होता. "थे देऊळगाववाले माह्या मायवर शिव्या देते, अन तू मले रिजेक्ट देते?" त्यानं दारातला लाइटचा लोखंडी स्टँड उचलला आणि शिवमच्या पायांवर घातला. एकदा, मग पुन्हा. शिवम पहिल्यांदा किंचाळला तो तेव्हा.

राखी दारात उभी होती, तोंडावर हात दाबून. सुभद्रा मध्ये पडली. तिनं स्टँड धरला. गजेंद्रनं तो तिच्या हातातून हिसकला तशी ती झोक जाऊन मागे स्टुडिओच्या दारात पाटावर पडली. दिवा कलंडला. तेल सांडलं. विळे-कोयते खणखणत बाजूला गेले.

गजेंद्रनं आईकडे पाहिलं. मला वाटलं आता थांबेल. तो तिच्याकडे गेला, वाकला. उठला तेव्हा त्याच्या हातात कुऱ्हाड होती. पात्यावर कुंकवाची पाच बोटं आणि तेलाला चिकटलेलं झेंडूचं फूल.

"पुजेतलं हाये थे!" सुभद्रा खाली पडल्या पडल्या ओरडली. "गज्या, पुजेतलं हाये, ठेव!"

शिवम गुडघ्यांवर उठून गाडीकडे सरकत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. पहिला घाव त्या पाठीवर पडला. बॅग नसती तर पाठीचा कणा दिसला असता. कुऱ्हाड बॅगेत रुतली, आतले पुडे कापत गेली. गजेंद्रनं पाय देऊन ती उपसली तशा दुसऱ्या लोकांच्या वस्तू सोयाबीनवर पडल्या. एक साडी, शाम्पूच्या बाटल्या, लहान पोराचा एक बूट. शिवम तोंडावर पडला होता. हात अजून पोटाखाली, मोबाइलवर.

गजेंद्रनं कुऱ्हाड पुन्हा वर नेली. या वेळी तो बाजूला सरकून उभा राहिला होता, बॅगेच्या पुढे, डोक्याच्या रेषेत.

माझ्या हाताशी काही नव्हतं. दाराआड सुभद्राचं मुसळ टेकलेलं होतं. ते मी कधी उचललं ते मला आठवत नाही, मारलं ते आठवतं. दोन्ही हातांनी, सगळं अंग घालून, त्याच्या उजव्या मनगटावर. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडताना होतो तसा आवाज झाला. कुऱ्हाड मागे पडली. गजेंद्र आपल्या हाताकडे पाहत राहिला. हात मनगटापासून भलतीकडेच लोंबत होता. मग तो खाली बसला आणि लहान असताना ओरडायचा तसा ओरडला.

तोवर गल्लीतली माणसं आली होती. माझा चुलतभाऊ कारभारी सगळ्यांत पुढे. गावात कुठंही डोकं फुटलं की कारभारी तिथं असतो आणि त्याच्या हातून बहुतेक भांडणं गावातच मिटतात. त्यानं अंगणभर नजर फिरवली, कुऱ्हाड उचलून विहिरीवर धुवायला पाठवली, आणि गावातल्या सागरची रिक्षा मागवली.

रिक्षात मागे एका बाजूला शिवम, दुसऱ्या बाजूला गजेंद्र, दोघांच्या मध्ये मी. दुसरं वाहन नव्हतं. सुभद्रा आणि राखी कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागून आल्या. गजेंद्रचा हात शेल्यानं गळ्यात बांधला होता. शिवमचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं होतं. त्याचं रक्त माझ्या सदऱ्यात जिरत होतं.

"बाबा," गजेंद्र म्हणाला, "तुम्ही माहा हात मोडला."

"हाव."

"उजवा."

"कुऱ्हाड उजव्यात होती."

पुढे बसलेला कारभारी मागे वळला. गोड आवाजात म्हणाला, "पोरा, तुही गाडी घसरली ना? लोकं रस्त्यावर सोयाबीन वाळू घालते, गाड्या घसरतेतच. गेल्या साली दोघं पडले. घसरली ना?"

शिवमनं एक डोळा उघडला. दुसरा सुजून बंद झाला होता. त्यानं कारभारीकडे पाहिलं, मागून येणाऱ्या आमच्या गावच्या गाड्यांकडे पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "घसरली."

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, त्यानं तेच सांगितलं. तिनं त्याचा शर्ट कापून काढला. बरगड्यांवर बुटांचे ठसे उठले होते, नक्षीसकट. "गाडीनं बूट घातले होते का?" तिनं विचारलं आणि ठाण्यात फोन लावला.

जमादार येईपर्यंत कारभारीनं बेत बदलला. आता गाडी घसरली नव्हती, आता दोघांची बाचाबाची झाली होती. तो जमादाराला घेऊन व्हरांड्यात बसला. सुभद्रा माझ्या शेजारी आली. तिच्या कोपराला खरचटलं होतं, त्यात अजून हळद होती.

"तुम्ही काही बोलू नोका," ती म्हणाली. "पोटचं हाये."

"दुसरा घाव डोक्यावर होता, सुभद्रा."

"लागला नाही ना?"

"माह्यामुळं लागला नाही."

"मंग झालं तर! तुम्ही त्याचा हात मोडला, फिटलं. अजून काय पाहिजे तुमाले? आत टाकता काय त्याले?" तिचा आवाज चिरकला. "राखीकडे पाहा जरा."

राखीकडे मी पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझी नजर टाळली नाही. खुर्चीला लाथ बसली तेव्हा ती होती, कुत्र्याला बसली तेव्हा होती. त्याआधी काय काय होतं ते त्या खोलीलाच माहीत असेल. मला एवढंच कळत होतं की आज गाडी घसरली असं ठरलं, तर पुढच्या वेळी काय घसरलं म्हणायचं तेही कारभारीला सुचेल.

जमादारानं जबाब लिहून माझ्यापुढे धरला. "साक्षीदार म्हणून सही करा काका."

मी कागद खिडकीच्या उजेडात नेला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागलो. मला वेळ लागतो.

"वाचत कायले बसले?" जमादार म्हणाला. "तुमच्या भावानंच सांगतलं सगळं."

वाचलं. किरकोळ कारणावरून दोघांमध्ये झटापट झाली व त्यात दोघांनाही दुखापत झाली.

"झटापट नाही साहेब," मी म्हणालो. "झटापटीत दोघांचे हात चालते. याचे दोन्ही हात मोबाइलवर होते. यानं बोट उचललं नाही. माह्या पोरानं मारलं, असं लिवा. लाथांनी, मंग स्टँडनं, मंग कुऱ्हाडीनं."

"इंद्रभान!" कारभारी उठला. "बाप हायेस तू त्याचा."

"म्हणूनच मी सांगून राह्यलो. तुले कोणं विचारलं?"

"कुऱ्हाड कुठं हाये? कोणाले दिसली?"

"तू विहिरीवर धाडली धुवाले. तेबी लिवा, साहेब."

जमादारानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "काका, असं लिवलं तर खुनाचा प्रयत्न होते. पोरगा आत जाईन. जामीन लवकर भेटत नाही. कळते ना?"

"कळते."

"अन त्याचा हात तुम्ही मोडला म्हणते. तुमच्यावरबी लागन."

"लावा. मुसळानं मोडला."

सुभद्रा तिथून उठून गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमादार शिवमच्या खाटेशी गेला. मीही गेलो. डॉक्टरीणबाई त्याच्या पायाला पट्ट्या बांधत होत्या. मोबाइल त्याच्या उशाशी होता, काच फुटलेला, पण चालू.

"बोल रे," जमादार म्हणाला. "गाडी घसरली का?"

शिवमनं उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "काका, मी काय सांगू?"

"झालं थे सांग."

त्यानं दाराकडे पाहिलं. कारभारी दारात होता. मग तो सरकून बाहेर गेला.

"मारलं," शिवम म्हणाला. "लय मारलं. मी निरा मोबाइलच धरला होता, साहेब." आणि मग तो रडायला लागला, त्या रडण्यानं बरगड्या दुखत होत्या म्हणून कण्हत होता आणि पुन्हा रडत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात धरला.

जमादारानं नवीन कागद घेतला. त्यानं लिहिलं, मी वाचलं, सही केली. मग तो पलीकडच्या खाटेवर गजेंद्रकडे गेला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्याच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा घ्यावा लागला. शाईत अंगठा बुडवताना तो आता शांत होता. राग ओसरला की तो असाच होतो, मऊ, समजूतदार, कोणालाही आवडेल असा.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "दुसरा घाव मी मारला नसता. नुसती उगारली होती. खरं सांगतो. मी थांबणार होतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला स्वतःला तसंच वाटत होतं. जमादार पेन धरून थांबला. मी काय म्हणतो ते त्यालाही ऐकायचं होतं. बापाच्या एका शब्दानं कागद अजून बदलता आला असता.

मी जन्मभर लाकडं फोडली. कुऱ्हाड वर गेल्यावर जो थांबणार असतो त्याचे खांदे सैल पडतात, टाचा जमिनीवर येतात. मी त्याच्या मागे होतो. त्याच्या टाचा उचललेल्या होत्या.

"मारला असता," मी म्हणालो.